अंक बहात्तर, पान एकेचाळीस

दोंडाईच्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोटन मिस्तरीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे तीन बाजूंनी पत्रा, वर पत्रा आणि आत लोटन. दारावर त्याने स्वतःच्या हाताने ऑइलपेंटने रंगवलेली पाटी आहे : 'गाडी दाखवा. मोबाईल दाखवू नका.' नवीन गिऱ्हाईक ती वाचून हसतं आणि हसता हसता खिशातून मोबाईल काढतं. "आबा, यात दाखवलंय ना, की..." एवढंच त्याचं बोलून होतं. पुढचं सगळं लोटन बोलतो, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं.

बासष्ट वर्षांचा हा माणूस कोणाचं वाईट करणारा नाही, पण कोणाशी नीट बोलेल तर शपथ. शेजारच्या सलूनवाल्या भिकनशी त्याचं रोज भांडण. बायको सुनंदाबाईशी दिवसाला दोनदा. बाकी उरलेला सगळा राग व्हिडिओवाल्यांवर. हे व्हिडिओवाले आधी नमस्कार मित्रांनो म्हणतात, मग घंटा दाबायला लावतात, मग कसल्यातरी हातमोज्यांची जाहिरात करतात, आणि बोल्ट खोलायची वेळ आली की नेमका त्यांचाच पंजा मध्ये येतो. लोटनचं म्हणणं, छापलेल्या पानात कोणाचा पंजा मध्ये येत नाही. पान थांबतं. तुमची बोटं ग्रीसने भरलेली असोत, डोकं जड असो, ते तुमच्यासाठी थांबून राहतं. आणि यात त्याचं चुकतं असं मलाही वाटत नाही.

छापील पानाचा त्याला एवढा लळा का लागला होता, ते सांगायचं तर धुळ्याला जावं लागेल.

लोटन नरडाण्याजवळच्या खेड्यातला. दहावीत गणिताने घात केला आणि सोळाव्या वर्षी तो धुळ्याला रुपचंद उस्तादाच्या हाताखाली लागला. रुपचंदच्या हातात देव होता, मनात मात्र कमालीचा कंजूषपणा. गाडी खोलणं, धुणं, घासणं, सगळं लोटनने करायचं. पण ठिणगी पाडणारे पॉइंट बसवायची, टायमिंग लावायची वेळ आली की उस्ताद मान वर न करता म्हणायचा, "लोट्या, चहा आन." लोटन चहा घेऊन येईपर्यंत गाडी सुरू झालेली असायची आणि उस्ताद फडक्याने हात पुसत असायचा. सहा वर्षं हे चाललं. सहा वर्षांत लोटनला धुळ्यातला एकूण एक चहावाला ओळखीचा झाला, टायमिंग काही ओळखीचं झालं नाही.

मार्च चौऱ्याऐंशीत तो असाच चहाला निघाला आणि बसस्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलपाशी थांबला. दोरीला एक नवं मासिक लटकत होतं, 'द्विचक्र', पुण्याचं, मराठीत. मधल्या घडीच्या पानावर एका इंजिनाचं चित्र होतं, त्यातला प्रत्येक भाग सुटा होऊन हवेत तरंगणारा, प्रत्येकाला आकडा आणि नाव. आणि खाली, साध्या छापील अक्षरात, पॉइंटमध्ये किती फट ठेवायची ते लिहिलेलं. जे रुपचंदने सहा वर्षं पाठ फिरवून झाकलं, ते इथे दोरीला टांगलं होतं. ज्याला वाचता येतं त्याने वाचावं. लोटनला स्टँडवर, सगळ्या माणसांत, रडू आलं. त्याची त्याला अजूनही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी उस्तादाने चहा आणायला सांगितला, तेव्हा लोटनने जागचं न हलता तो आकडा म्हणून दाखवला. रुपचंदने हातातला ग्लास त्याच्या पायाशी फोडला. संध्याकाळच्या गाडीने लोटन धुळं सोडून निघाला आणि त्याने दोंडाईच्यात स्वतःचा पत्रा ठोकला.

पुढची सत्तावीस वर्षं 'द्विचक्र' हाच त्याचा उस्ताद. धुळ्याहून एसटीने पार्सल यायचं, इथला स्टॉलवाला त्याचा अंक बाजूला काढून ठेवायचा. लोटन नुसतं वाचायचा नाही, भांडायचा. समासात निळ्या शाईने लिहायचा : 'हे पुण्यात चालेल.' 'लिहिणाऱ्याने वैशाखात दोंडाईच्याला यावं.' पुण्याच्या गार हवेत बसून लिहिलेली सेटिंग आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीत लागू पडत नाही, हे त्याला गाड्यांनीच शिकवलं होतं. मग तो हवेचा स्क्रू थोडा थोडा मोकळा करत, इंजिनाचा आवाज ऐकत, आपला आकडा काढायचा आणि छापील आकड्याशेजारी लिहायचा. जवळपास प्रत्येक अंकाला असा दुसरा अंक चिकटलेला होता.

एकदा राग अनावर होऊन त्याने संपादकाला पोस्टकार्डच टाकलं. दोन सिलिंडरच्या त्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीबद्दल तुम्ही जे छापलंय ते खानदेशात साफ खोटं आहे, हवेचा स्क्रू डाव्या कार्बोरेटरला दोन आटे मोकळा आणि उजव्याला अडीच, करून बघा. आणि संपादकाने ते छापलं. अंक बहात्तर, फेब्रुवारी नव्वद, पान एकेचाळीस, खाली चौकटीत, नावासकट. लोटनचं नाव त्याच्या लग्नपत्रिकेनंतर कुठे छापून आलं असेल तर तिथेच. त्या दिवसापासून त्याला एक सवय लागली. कोणी वाद घातला की तो अंक आणि पान सांगायचा. "अंक एकशे चौदा, पान नऊ. जाय, देखी ये." बघायला कोणी जात नसे. आकडा ऐकूनच माणूस गप्प व्हायचा.

दोन हजार अकरामध्ये 'द्विचक्र' बंद पडलं. शेवटच्या अंकात संपादकाने लिहिलं होतं की आता वाचक पडद्यावर गेला आहे. लोटनने त्याच्या समासातही लिहिलं : 'मी कुठेही गेलेलो नाही.' एकूण तीनशे एकतीस अंक निघाले, त्यातले दोन सोडून सगळे त्याच्याकडे होते. फळीवर, वर्षवार, सुतळीने बांधलेले.

आता प्रेमराजचं सांगतो. हा लोटनच्या धाकट्या भावाचा मुलगा. लोटनला स्वतःचं मूल नाही, आणि प्रेमराज लहानपणापासून गॅरेजमध्येच लोळलेला. हाताने चांगला, डोक्याने त्याहून चांगला. लोटन त्याला शिव्या घालायचा म्हणजे तो लाडकाच असणार, हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी प्रेमराजने मनात घेतलं की आबाची ही सगळी विद्या मोबाईलवर घालावी, जुन्या गाड्यांसाठी चॅनल काढावा. त्याने विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. महिनाभर तो दुपारी, लोटन जेवायला घरी गेला की, फळीवरचा एकेक अंक उतरवायचा आणि त्याची पानं मोबाईलमध्ये टिपायचा. समासासकट.

एक दिवस लोटन चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आला. प्रेमराज जमिनीवर बसलेला, समोर अंक उघडा, वर मोबाईल.

"कोणले इचारीसन?" लोटनने विचारलं.

"आबा, मी काही ली ऱ्हायनू नही. फोटोच काढी ऱ्हायनू. बठ्ठा लोकेसना कामले येई."

"मनी आयुष्यनी कमाई तू त्या घंटावाला लोकेसले देशी?"

प्रेमराज उठला. तो तोंड वर करून बोलणारा मुलगा नव्हता, पण त्या दिवशी बोलला. "मंग आते चहा मी आनू का, आबा?"

रुपचंदची गोष्ट लोटननेच त्याला शंभरदा सांगितली होती. त्यामुळे हे वाक्य जिथे लागायचं तिथेच लागलं. लोटनच्या हाताला जो पाना लागला तो त्याने फेकला. तो प्रेमराजला न लागता पत्र्याला लागला, आणि पत्र्यावर अजून पोचा आहे. मग लोटन त्याच्या डोक्याशी जाऊन उभा राहिला. "बठ्ठा काढी टाक. मना डोयासमोर." प्रेमराजने अकराशे फोटो काढून टाकले. लोटनला मोबाईलमधलं एक माहीत होतं, ते म्हणजे काढलेलं पुन्हा कुठेतरी साठतं. तेही त्याने उघडायला लावलं आणि तेही रिकामं होईपर्यंत तो तिथून हलला नाही. प्रेमराज गेला तो परत गॅरेजची पायरी चढला नाही. त्याने नरडाण्याच्या एमआयडीसीत नोकरी धरली. चार वर्षांत काका-पुतण्यात शब्द नाही.

लोटनने काय केलं? सुताराकडून लाकडाची मोठी पेटी करवून घेतली, सगळे अंक त्यात घातले, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला अडकवली. कोपऱ्यात वाळवीची भीती होती. आमच्याकडे मिस्तरी लोकांचा यावर एकच इलाज असतो, इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल. खाटेच्या पायांना लावतात, दाराच्या चौकटीला लावतात, वाळवी त्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही. अंक घालण्याआधीच लोटनने पेटीला आतून बाहेरून तीन हात मारले होते. पुढे दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाहेरून आणखी एक हात, कुलूप न उघडता. दोन वर्षांपूर्वी सुनंदाबाई गॅरेजमध्ये डबा घेऊन आली असता म्हणाली होती, "त्या पेटीमातून वास येस. एकदाव उघाडी तं देखा." तो म्हणाला, "तू तुनं चुल्हं देख."

चार वर्षांत त्याने पेटी एकदाही उघडली नाही. रोज तिच्यावर बसायचा मात्र. तिच्यावर बसून चहा प्यायचा, तिच्यावर बसून व्हिडिओवाल्यांना शिव्या द्यायचा, तिच्यावर थाप मारून अंक आणि पान सांगायचा. वाचायला पुस्तकं जपणारा माणूस वेगळा आणि राखायला जपणारा वेगळा. लोटन कधी पहिल्याचा दुसरा झाला, ते त्याचं त्याला कळलं नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी दहालाच पत्रा तापलेला. धुळ्याहून आकाश नावाचा एक तरुण टेम्पोत घालून गाडी घेऊन आला. वडिलांची गाडी, दोन सिलिंडरची तीच जुनी टू-स्ट्रोक, हौसेने नवी करून घेतलेली. पंधरा किलोमीटर चालली की तापून बंद पडायची. चार ठिकाणी दाखवून झालं होतं. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीपाशी प्रेमराज उभा होता. त्यानेच आकाशला इथे पाठवलं होतं, हे लोटनला एका नजरेत कळलं आणि तो जास्तच चिडला.

आकाशने पाटी वाचली नाही. त्याने मोबाईल काढला. "मिस्तरी, यात सांगितलंय की उन्हाळ्यात दोन्ही स्क्रू आवळून घ्यायचे. चार लाख लोकांनी पाहिलाय हा व्हिडिओ."

"चार लाख लोकांनी पाहिल्याने गाडी सुरू झाली का?"

"तसं नाही, पण..."

"डावा दोन आटे, उजवा अडीच. मोकळा. आवळायचा नाही." लोटनने पेटीवर थाप मारली. "अंक बहात्तर, पान एकेचाळीस. मनं नाव छापेल शे तठे."

एरवी इथे वाद संपायचा. पण आकाश धुळ्याचा, त्यात वकिली शिकलेला. त्याला या आकड्याचा धाक माहीत नव्हता. तो अगदी सरळपणे म्हणाला, "दाखवा ना मग."

भिकन वस्तरा हातात घेऊनच सलूनच्या दारात आला. अर्धी दाढी झालेलं त्याचं गिऱ्हाईकही मागून डोकावलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी दाखवा म्हणालं होतं. लोटनची छाती फुगली. खरं सांगायचं तर त्याला आनंदच झाला. त्याने रस्त्यापलीकडे, प्रेमराजला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "देखा रे बठ्ठा, छापेल काय ऱ्हास ते देखा." मग करगोट्याची किल्ली काढली, कुलपाशी झटापट केली आणि झाकण वर उचललं.

वाळवी नव्हती. एकही नव्हती. चार उन्हाळे त्या पत्र्याखाली लाकूड तापलं होतं, आणि त्याने जेवढं जळकं ऑइल पाजलं तेवढं लाकडाने आत सोडलं होतं. वरचा गठ्ठा उचलला तर तो काळ्या भाकरीसारखा एकसंध आला. लोटनने सुतळी कापली. खालून वर, वरून खाली, बोटं चालवत बहात्तरावा शोधला. कव्हरवर फेब्रुवारी एवढं वाचता येत होतं. त्याने पान उलटलं. तेल पिऊन कागद पारदर्शक झाला होता. पुढची अक्षरं आणि मागची अक्षरं एकमेकांत घुसली होती, इंजिनाच्या चित्रातून जाहिरातीतल्या बाईचं डोकं दिसत होतं. निळी शाई विरघळून पानभर पसरली होती. पान एकेचाळीस तो तीनदा उन्हाकडे धरून पाहत राहिला. खाली एक चौकट होती, एवढं दिसत होतं.

"ऑइल ना ते?" भिकन म्हणाला. "लोटनभाऊ, तुम्हीनच लावं व्हतं."

लोटनने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो पान हातात घेऊन तसाच रस्ता ओलांडून टपरीपाशी गेला आणि चार वर्षांनी प्रेमराजशी बोलला.

"तू ठेयेल व्हशी."

प्रेमराजने त्याच्या हातातल्या पानाकडे पाहिलं.

"अकराशे व्हतात. एखादा तरी फोटो ठेयेल व्हशी. मी देखी ऱ्हायनू व्हतू तरीबी ठेयेल व्हशी." त्याचा आवाज चढला, आणि चढता चढता फाटला. "चोर शे ना तू? मी बठ्ठा गावले सांगेल शे, पुतण्या चोर शे म्हनीसन. मंग काढ ना!"

या माणसाने आयुष्यात कोणापुढे हात पसरला नव्हता. त्या दिवशी पसरला, तोही शिव्या देत देत. आपला पुतण्या खोटा निघावा, लबाड निघावा, त्याने आपल्या डोळ्यांत धूळ फेकलेली असावी, एवढंच त्याला हवं होतं.

"नही, आबा," प्रेमराज म्हणाला. "तुम्हीन सांगं, मी काढी टाकं."

"एकबी नही?"

"एकबी नही. तुम्ही उभा व्हतात ना."

लोटनच्या मनात आलं, याच्या कानफटात मारावी. एवढं कोणी ऐकतं का? सगळ्या जन्मात एकदाही न ऐकणारी पोरं दुनियेला मिळतात, आणि आपल्या वाट्याला हा आला. मग तो परत फिरला, गॅरेजमध्ये आला, आणि पेटीवर बसणार तर झाकण उघडं होतं. तो जमिनीवर बसला.

आकाश बिचारा घाबरून गेला होता. "राहू द्या मिस्तरी," तो हळू आवाजात म्हणाला. "माझा विश्वास आहे. छापलेलं असणारच."

ही दया लोटनला सगळ्यात जास्त झोंबली. "तुझा विश्वास कोणी मागितला? आण गाडी इकडे!" स्क्रूड्रायव्हर घेऊन तो गाडीशी जाऊन बसला. डावा स्क्रू पूर्ण आवळला, मग मोजून दोन आटे मोकळा केला. उजवा आवळला आणि अडीच मोकळा केला. हात काही विसरले नव्हते. गाडी सुरू करून तिथेच तासभर चालती ठेवली. रस्ताभर निळा धूर झाला, भिकन खोकत शिव्या देऊ लागला, गाडी काही बंद पडली नाही. आकाश खूश होऊन म्हणाला, "मानलं तुम्हाला." लोटनला त्याचं काहीच वाटलं नाही. गाडी चालणारच होती. त्याचा प्रश्न तो नव्हताच.

"नाव व्हतं," तो गाडीकडे बघत म्हणाला. "चौकटीत. त्या संपादकाने लिहिलं होतं, की... दोंडाईच्याचे आमचे..." तो थांबला. हे वाक्य त्याने चौतीस वर्षं मनात वाचलं होतं. डोळे मिटले की पान समोर यायचं आणि तो पानावरून वाचायचा. आत्ताही पान आलं, पण ते तेलकट पान आलं, आणि त्यावर दोन्ही बाजूंची अक्षरं एकदम होती. "दोंडाईच्याचे आमचे..." त्याने पुन्हा सुरुवात केली. पुढे काही दिसेना.

"दोंडाईच्याचे आमचे चोखंदळ आणि तापट वाचक श्री. लोटन मिस्तरी कळवतात," मागून आवाज आला. प्रेमराज पायरी चढून पाटीखाली उभा होता. मोबाईल खिशात होता, हात मोकळे होते. "खानदेशातलं ऊन पुण्यात बसून कळत नाही. आम्ही आमची चूक मान्य करतो आणि त्यांचे आभार मानतो."

भिकनच्या गिऱ्हाईकाच्या गालावरचा साबण सुकून गेला होता.

"माले माहीत शे," लोटन खेकसला. त्याने उगाचच गाडीच्या टाकीवरून फडकं फिरवलं, एकदा, दोनदा. मग मान वर न करता म्हणाला, "परत एकदाव म्हन."